कांचनभाभींचा इंटरप्रिटर

दालमिलमध्ये कॉम्प्युटर ठेवू नये, हे मला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. ते मी धुळ्यात शिकलो. तुरीचा भुसा पिठापेक्षा बारीक असतो. तो फ्लॉपी ड्राइव्हच्या फटीतून आत जातो, पंख्याला चिकटतो, आणि दोन महिन्यांत सगळं मशीन आतून उबदार गोधडीसारखं होतं. मी पहिल्यांदा ते खोललं तेव्हा मिलचे मुकादम नाना शेजारी उभे होते. मूळचे शिंदखेड्याकडचे. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि अहिराणीत म्हणाले, "सर, डब्बामा बठ्ठा भुसा भराई गया शे. आते हाई ढोरंसले घालानं का?"

मी जळगावच्या एका खासगी कॉम्प्युटर संस्थेत नोकरीला होतो. शिकवायचं, दुरुस्त करायचं आणि वेळ पडली तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्याची समजूतही घालायची, अशी तिन्ही कामं एकाच पगारात होती. नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. फैजपूरचा एक केळीचा व्यापारी होता. त्यानं कॉम्प्युटरच्या खोलीला एसी बसवला होता आणि मे महिन्यात स्वतः मात्र बाहेर ओसरीवर टॉवेल ओला करून बसायचा. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हीही आत बसा की." तर म्हणाला, "मानसाच्या अंगाच्या वाफेनं मशीन खराब होतं म्हने." जामनेरच्या एका आडत्यानं पडद्यावर दिसणारा प्रत्येक मजकूर मुनीमाकडून हातानं वहीत उतरवून घेतला होता, वीज गेली तर काय म्हणून. अशा लोकांत मी 'कॉम्प्युटरवाले पाटील सर' होतो. दोन जिल्ह्यांत माझ्याइतकं या विषयातलं कुणाला कळत नाही, असं लोक म्हणत. मलाही ते पटलेलं होतं.

आमच्या संस्थेची धुळ्याला एक शाखा होती, तिचा प्रमुख मीच. मंगळवारी आणि गुरुवारी मी एसटीनं एरंडोल, पारोळा करत तिथे जायचो. दालमिलचे मालक सुभाषशेठ हे तिथलं जुनं गिऱ्हाईक. भुशाच्या प्रकरणानंतर मी त्यांना सांगितलं की मशीन वाचवायचं असेल तर मिलमधून हलवा. त्यांनी ते उचलून पाचव्या गल्लीतल्या घरी नेलं आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत ठेवलं. मग एक दिवस मला म्हणाले, "सर, मशीन घरी आलंय तर कांचनला जरा पत्रं टाइप करायला शिकवून द्या. मिलची पत्रं निघतील."

कांचनभाभी, म्हणजे शेठच्या पत्नी, तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांच्या असतील. माहेर नंदुरबारचं, गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या. डोक्यावरचा पदर सावरत खुर्चीच्या कडेवर बसायच्या. मी त्यांना मशीन चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, पत्र लिहून फ्लॉपीवर कसं साठवायचं, एवढं दोन दिवसांत दाखवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला विचारलं, "सर, मी की दाबते आणि अक्षर उमटतं. मधे काय होतं?"

मी म्हणालो, "ते आत होतं, भाभी. आपल्याला त्याचं काय?"

पुढच्या गुरुवारी त्यांच्या टेबलावर सी भाषेचं जाड पुस्तक होतं. पुण्याच्या मावसभावाकडून मागवलेलं. महिन्याभरात त्या मला जे प्रश्न विचारायला लागल्या, त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मी 'पुढच्या वेळी सांगतो' म्हणून जळगावला घेऊन जायचो आणि बसमध्ये पुस्तकं चाळायचो. माझ्या जळफळाटाची सुरुवात तिथली. तोपर्यंत लोक मला विचारायचे आणि मी सांगायचो. आता मला अभ्यास करून जावं लागत होतं, तेही पत्रं टाइप करायला बसवलेल्या बाईसाठी.

आता थोडं धंद्यातलं सांगतो. कॉम्प्युटरला माणसाची भाषा कळत नाही. आपण लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्या भाषेत आणायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सगळा मजकूर आधीच भाषांतर करून ठेवायचा. त्याला कंपाइल करणं म्हणतात. दुसरा म्हणजे शेजारी दुभाषा बसवायचा. आपण एक ओळ सांगायची, त्यानं ती लगेच समजावून सांगायची आणि उत्तर आणून द्यायचं. हा दुभाषा म्हणजे इंटरप्रिटर. पण दुभाषा हाही शेवटी एक प्रोग्रॅमच. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, कुणीतरी लिहिलेला असतो आणि तो आधी आपल्या मशीनवर कंपाइल करावा लागतो.

माझ्याकडे असा एक सोर्स होता. लिस्प नावाच्या भाषेचा. या भाषेत जिकडेतिकडे कंस असतात, म्हणून आमच्या संस्थेत तिला कंसमामा म्हणत. मुंबईच्या एका मित्रानं दोन फ्लॉपींवर तो मला दिला होता. लिहिणारा कुणी परदेशातला होता आणि त्यानं तो मोठ्या मशीनसाठी लिहून सगळ्यांना फुकट वाटला होता. आपल्या छोट्या मशीनवर तो चालवून दाखवायचा, असा मी चंग बांधला होता. चार महिने रविवारसुद्धा घातले. कंपाइल व्हायचा, सुरू व्हायचा, पडद्यावर खूणही यायची, आणि पहिली ओळ टाइप केली की मशीन गप्प. बंद करून पुन्हा चालू करायचं. मी फ्लॉपीला दोष दिला, मेमरीला दिला, त्या परदेशी गृहस्थाला दिला.

एका मंगळवारी भाभी म्हणाल्या, "सर, पुस्तकातले सगळे प्रोग्रॅम झाले. आता काहीतरी मोठं द्या ना."

मी बॅगेतून त्या दोन फ्लॉपी काढून दिल्या. मी चार महिने त्यात डोकं फोडलंय, हे सांगितलं नाही. "हे चालवून बघा," एवढंच म्हणालो. मनात काय होतं ते आज लपवत नाही. त्यांनी हात टेकावेत, असं मला वाटत होतं. पुन्हा पत्रं टाइप करायला लागाव्यात, असं वाटत होतं.

पुढचे दोन-अडीच महिने मी गेलो की विचारायचो, "काय म्हणतो कंसमामा?" त्या म्हणायच्या, "अजून रुसलाय." मला बरं वाटायचं. त्यांनी सगळा सोर्स लांबलचक छापून काढला होता आणि दोऱ्यानं शिवून त्याचं बाड केलं होतं. दुपारी घर झोपलं की पेन्सिल घेऊन वाचायच्या. त्या मशीनवर एकदा कंपाइल करायला लावलं की वीसेक मिनिटं जायची. तेवढ्यात त्या स्वयंपाकघरात जाऊन फुलके लाटून यायच्या. मला म्हणाल्या होत्या, "एक कंपाइल म्हणजे पंचवीस फुलके, सर. घरात कुणी जेवायला जास्त आलं की माझं काम पुढे सरकतं."

मग एका गुरुवारी नाना मिलच्या सायकलवरून आमच्या शाखेत आले. दारातूनच ओरडले, "सर, चला! भाभीनी मशीन बोलतं करी टाकं!"

मी गेलो. खोलीत सुभाषशेठ होते, त्यांच्या आई होत्या. त्यांना सगळे माँसा म्हणत. भाभींनी टाइप केलं, (+ 2 3). पडद्यावर आलं, 5.

सुभाषशेठनी माझ्याकडे पाहिलं. माँसांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सरजी, दो और तीन पाँच होते हैं, यह तो मुझे भी आता है. इसके लिए ढाई महीने?"

सगळे हसले. भाभीही हसल्या. मी हसलो नाही. त्या पाचाचा अर्थ त्या घरात फक्त आम्हा दोघांना कळत होता, आणि तो मी काढलेला नव्हता.

"जरा बाजूला व्हा," मी म्हणालो आणि खुर्ची घेतली. त्या इंटरप्रिटरला पाडायचंच या इराद्यानं मी टाइप करत गेलो. कंसात कंस, त्यात कंस. फंक्शन, फंक्शनच्या पोटात फंक्शन. तो उत्तरं देत राहिला. अर्ध्या तासानं माझ्या बोटांना घाम आला.

"कुठे होती चूक?" मी शेवटी विचारलं.

भाभींनी बाड उघडलं. "सर, मेमरी मागून आणणारं एक फंक्शन आहे ना, ते आपल्याला जागेचा पत्ता आणून देतं. आपल्या कंपायलरमध्ये पत्ता चार खणांचा असतो. पण त्या फंक्शनची ओळख सुरुवातीला करून दिलेली नव्हती. ओळख नसली की कंपायलर समजतो, हे साधा आकडा आणणार, दोन खणांचा. मग अर्धाच पत्ता हाती येतो. निम्म्या पत्त्यावर कसं पोचणार? एक ओळ वर लिहिली, झालं."

"एक ओळ?"

"तीन फाइलींत एकेक. कंपायलर सांगत होता की, सर. वॉर्निंग देत होता. मी सगळ्या वाचल्या. दोनशे चाळीसच्या वर होत्या."

वॉर्निंग म्हणजे कंपायलरची कुरकूर. चूक नव्हे, पण शंका. इतक्या येतात म्हणून मी त्या पहिल्याच दिवशी बंद करून टाकल्या होत्या. ही माझी जुनी सवय होती, आणि ती मी संस्थेतल्या प्रत्येक बॅचलाही लावली होती.

मी त्यांचं कौतुक केलं. तोंडानं केलं. मग म्हणालो, "एक कॉपी द्या, जळगावला तपासून बघतो." त्यांनी नवी फ्लॉपी काढून दिली, वर स्वतःच्या अक्षरात कंसमामा असं लिहून. बसमध्ये पारोळ्याच्या आसपास मी त्या फ्लॉपीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं.

जळगावला संचालकांसमोर मी ती चालवली. ते म्हणाले, "वा पाटील! जमलं का शेवटी?" मी म्हणालो, "बसला एकदाचा." मराठी भाषा यात फार सोयीची आहे. कुणी बसवला, ते त्या वाक्यात येतच नाही.

बातमी पसरली. धुळ्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचा विभाग नुकता सुरू झाला होता. त्यांच्या अभ्यासक्रमात लिस्प होती आणि मुलं ती फक्त फळ्यावर शिकत होती. विभागप्रमुख मला भेटायला आले. "इंटरप्रिटर आमच्या लॅबमध्ये घाला आणि आठवड्याला चार तास शिकवा," म्हणाले. कॉलेजात शिकवायला मिळावं ही माझी कित्येक वर्षांची इच्छा होती. मी हो म्हणालो. पाचव्या गल्लीतल्या घरी जाणं मात्र मी टाळू लागलो. सुभाषशेठचा फोन आला की 'कामात आहे' सांगायचो.

दीड महिना सुरळीत गेला. मग एके दिवशी चाळीस मुलांसमोर तो इंटरप्रिटर बिघडला. मोठी यादी तयार केली की मधलेच आकडे नाहीसे व्हायचे, कधी भलतेच यायचे. मी मशीन बदललं, पुन्हा तेच. एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्हीच बसवलाय ना? मग आत बघता येईल की." मी पुढच्या तासाला बघू म्हटलं. पुढच्या तासालाही तेच झालं. तिसऱ्या तासाला मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. विभागप्रमुखांनी बोलावून विचारलं, "पाटील सर, परीक्षा तोंडावर आहे. होईल ना दुरुस्त?"

दुसरा इलाजच नव्हता. मी पाचव्या गल्लीत गेलो. भाभींनी पाणी दिलं, चहा दिला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि म्हणालो, "भाभी, त्या लिस्पमध्ये एक गंमत दिसली. मोठी यादी केली की आकडे हरवतात. सहज विचारतो."

"हो, माझ्याकडेही झालं होतं," त्या म्हणाल्या. "ते दुरुस्त केलं मी. तुमच्याकडची कॉपी त्याच्या आधीची आहे ना, सर. कॉलेजात तीच चालते."

मी कप खाली ठेवला.

"आमची स्वाती तुमच्या वर्गात आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्या दिरांची मुलगी. पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगत होती, पाटील सरांनी स्वतः बसवलाय म्हणून."

माफी मागावी असं त्या क्षणी वाटलं नाही, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मला फक्त वाटलं, ही आता मला सगळ्यांसमोर उघडं पाडणार. मी म्हणालो, "दुरुस्त केलेली फ्लॉपी मिळेल का?"

"मिळेल. पण घरी नाही देणार. मी लॅबमध्ये येते. मुलांना समजावून मग देते." मग म्हणाल्या, "मला एकदा फळ्यासमोर उभं राहायचंय, सर."

पुढच्या गुरुवारी त्या आल्या. सोबत नाना होते, सोडायला आलेले. ते दाराशीच थांबले. विभागप्रमुख मागच्या खुर्चीवर बसले. मी ओळख करून द्यायला उठलो आणि म्हणालो, "या कांचनभाभी. त्या आज... एक दुरुस्ती सांगतील." तेवढंच. त्यांनी खडू हातात घेतला. फळ्यावर एक ओळ लिहिली, पुसली. मग खडू ठेवून दिला आणि सहा मुलांना पुढे बोलावलं.

"एका ओळीत उभे राहा. प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा. सगळ्यात मागच्याच्या खांद्यावर इंटरप्रिटरचा हात आहे असं समजा. ही झाली यादी. आता मेमरी भरली की इंटरप्रिटर झाडू घेऊन निघतो. ज्याच्या खांद्यावर कुणाचाच हात नाही, तो कचरा. त्याला खाली बसवायचं. बरोबर?"

मुलं हो म्हणाली. मग त्यांनी स्वातीला बोलावलं आणि तिच्या खांद्यावर स्वतःचा हात ठेवला. "हिला मी धरलंय. अजून ओळीत उभी करायची आहे. पण झाडणारा फक्त ओळ बघतो, माझा हात त्याला दिसत नाही. मग तो काय करेल?"

"तिला बसवेल!" वर्ग ओरडला.

"तसेच तुमचे आकडे हरवत होते. झाडायच्या आधी त्याला सांगायचं, माझ्या हातात काय आहे तेही बघ." आणि मग त्या फळ्याकडे वळल्या. या वेळी लिहिलेली ओळ पुसली नाही.

मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. सात वर्षं शिकवत होतो मी. माझ्या तासाला मुलं असं कधी ओरडली नव्हती. चूक सापडणं, दुरुस्त होणं, हे मी एकवेळ सोसलं असतं. पण शिकवणं माझं होतं. तेही त्यांना पहिल्याच दिवशी यावं?

शेवटी, मला 'आत बघता येईल की' म्हणणाऱ्या त्याच मुलीनं हात वर केला. "मॅडम, मग हे पाटील सरांना का नाही सापडलं?"

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात मी संपलो असतो.

"सोर्स सरांनीच मला दिला," त्या म्हणाल्या. "त्यांनी दिला नसता तर मी आज इथे नसते."

शब्द न् शब्द खरा होता. विभागप्रमुखांनी मान डोलावली. मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या टाळ्यांचं काय करावं ते कळेना.

तास संपल्यावर विभागप्रमुखांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. "यांना पुढच्या सत्रापासून घ्यावं म्हणतो," ते मला म्हणाले. "पण कॉम्प्युटरचं कुठलंही सर्टिफिकेट नाही. एखाद्या संस्थेचं पत्र लागेल. तुमच्या शाखेचे प्रमुख तुम्हीच ना? काय म्हणता?"

नियम माझ्या बाजूनं होता. 'कोर्स केलेला नाही, पत्र देता येणार नाही', एवढं म्हटलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं, आणि माझे चार तास माझ्याकडेच राहिले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. भाभी खिडकीबाहेर बघत होत्या. विनंती करायची नाही, असं ठरवूनच आल्या होत्या बहुतेक.

मी संस्थेचा कागद मागवला आणि तिथेच बसून लिहिलं. 'हा इंटरप्रिटर सौ. कांचन यांनी आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर एकटीनं उभा केला. मी चार महिने प्रयत्न केला होता, मला तो जमला नाही.' खाली सही आणि शिक्का.

विभागप्रमुखांनी वाचलं. "दुसरं वाक्य हवंच का, सर?"

"राहू द्या," मी म्हणालो.

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. पुढच्या सत्रात माझे तास गेले आणि त्यांचे सुरू झाले. मशीन दुरुस्तीसाठी कॉलेजात गेलो आणि लॅबसमोरून जायची वेळ आली तर मी लांबचा जिना घ्यायचो. आतून मुलांच्या हसण्याचा आवाज आला की पावलं आपोआप भरभर पडायची. त्या बारा वर्षं तिथे होत्या. पुढे मुलाकडे बंगळूरला गेल्या. मी निवृत्त होईपर्यंत कॉम्प्युटरच खोलत राहिलो. एक गोष्ट बदलली, ती म्हणजे माझ्या कुठल्याही बॅचला नंतर वॉर्निंग बंद करू दिल्या नाहीत. का, ते मात्र सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात लग्नासाठी धुळ्याला गेलो होतो. मांडवात एक टक्कल पडलेला इंजिनियर पाया पडला. त्या वर्गातला होता.

"सर, कांचन मॅडम तुमच्याच विद्यार्थिनी ना?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पुष्कळांनी विचारला आहे आणि दर वेळी मी नुसता हसलो आहे. या वेळी म्हणालो, "नाही रे. मशीन चालू-बंद करण्यापलीकडे मी त्यांना काही शिकवलं नाही. उलट त्यांचं काम मी माझं म्हणून तुम्हाला दाखवलं होतं. आणि मला अजून त्यांचा हेवा वाटतो."

तो बायकोकडे वळून म्हणाला, "बघ, किती मोठा माणूस! एवढं करूनही श्रेय घेत नाहीत."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पण खरं सांगतो, ते ऐकायला फार बरं वाटलं. मी गप्प बसलो.